हलकं दाबलं तरी सुसाट

आमचं ड्रिल मशीन बिघडलं ते भिंतीत नव्हे, आईस्क्रीमच्या पॉटवर.

मे महिन्यातली गोष्ट. बायकोच्या माहेरची मंडळी कोल्हापुरात आमच्याकडं जमलेली, त्यात पोरं सहा. सासूबाईंनी फर्मान काढलं, विकतचं आणायचं नाही, माळ्यावरचा पॉट काढा. लाकडी बादली, मधे पत्र्याचा उभा डबा, दोन्हींच्या मधल्या जागेत बर्फ आणि जाडं मीठ, वर दातेरी चाकं आणि फिरवायचा दांडा. पहिला अर्धा तास पोरांनी हौसेनं फिरवला. मग आतलं दूध आणि आंब्याचा रस घट्ट व्हायला लागला, तशी एकेकाला तहान लागली, एकेकाला शू लागली, आणि शेवटी दांडा माझ्या मेव्हण्याच्या हातात आला.

त्यानं दहा फेरे मारले आणि माझ्याकडं बघितलं. "दाजी, कशाला हात मोडून घ्यायचं? मशीन हाय की तुमचं."

मी नको म्हणायला हवं होतं. त्याऐवजी उठून नट फिरवायच्या सॉकेटचा डबा आणला. दांडा काढल्यावर जो नट उरतो त्यावर एक सॉकेट नेमकं बसलं, सॉकेटची दांडी मशीनच्या तोंडाशी बिट धरणाऱ्या चकमध्ये आवळली, आणि ट्रिगर अगदी हलका दाबून मेव्हण्यानं पॉट फिरवायला सुरुवात केली. वीस मिनिटं झकास चाललं. पोरं टाळ्या वाजवत होती. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "जळका वास येतोय का रे?" मेव्हणा म्हणाला, बर्फाच्या पोत्याचा असंल.

आणि एकदम मशीन सुटलं. ट्रिगरवर बोट होतं तेवढंच होतं, पण वेग पुरा. बादली गर्रकन फिरून मेव्हण्याच्या पायावर आली, झाकण उडालं, मिठाचं पाणी भिंतीवर, त्याच्या बनियनवर आणि मशीनवर. त्यानं बोट काढलं, मशीन थांबलं. आईस्क्रीम वाचलं. किंचित खारट लागलं इतकंच. मशीन मी वरून फडक्यानं पुसलं आणि खोक्यात ठेवून दिलं.

पाहुणे गेल्यावर खोकं उघडलं, प्लग लावला, ट्रिगरला नुसतं बोट लावलं तर मशीन एकदम सुसाट. थोडं दाबा, पुरं दाबा, फरक नाही. सोडलं की बंद. म्हणजे चालू-बंद शाबूत, मधलं सगळं गेलेलं.

ज्याला भिंतीत खिळ्यापुरतं भोक पाडायचंय त्याला यात काय बिघडलं असं वाटेल. पण टाइलवर भोक पाडून बघा. सुरुवातीला बिट सावकाश फिरलं तरच ते चकचकीत पृष्ठभागात स्वतःची जागा धरतं. पुऱ्या वेगानं लावलं की बर्फावर घसरल्यासारखं सरकतं आणि नव्या टाइलवर नागमोडी ओरखडा काढतं. लोखंडाचं दुखणं वेगळं, तिथं वेग जास्त झाला की बिटचं टोक निळं पडतं आणि मग ते बिट लोण्यातसुद्धा जात नाही. स्क्रू पिळायचं तर नावच नको. वेग नसलेलं ड्रिल म्हणजे फक्त पाचव्या गिअरमध्ये चालणारी गाडी.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. फळ्यावर साइन वेव्ह, म्हणजे विजेची चढती-उतरती लाट, काढता काढता मला वीस वर्षं झाली. पण त्या वेव्हचा घरातल्या मशीनच्या ट्रिगरशी काय संबंध, हे मला त्या जूनमध्ये बसून नीट समजून घ्यावं लागलं. नंतर वर्गात सांगितलं ते असं: समजा गल्लीत नळाला पाणी दहाच मिनिटं येतं. आधी बारीक धार, मधे जोरात, शेवटी पुन्हा बारीक होत होत बंद. आणि तोटी अशी आहे की एकदा उघडली की पाणी जाईपर्यंत बंद करता येत नाही, पाणी गेलं की आपोआप मिटते. पहिल्या मिनिटाला उघडली तर पिंप भरेल, आठव्या मिनिटाला उघडली तर कळशीभर. आता मिनिटांच्या जागी मिलिसेकंद घाला. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे प्रत्येक अर्धी लाट १० मिलिसेकंदांची, आणि असे नळ सेकंदाला शंभर वेळा येतात. ती तोटी म्हणजे ट्रायॅक, स्विचमधला एक इलेक्ट्रॉनिक भाग. तोटी उघडणारा हात म्हणजे एक छोटा कपॅसिटर आणि डायॅक नावाचा भाताच्या दाण्याएवढा भाग. ट्रिगर जितका आत, तितका वाटेतला रोध कमी, तितका कपॅसिटर लवकर भरणार. त्याच्यावर ३० व्होल्टच्या आसपास दाब चढला की डायॅक वाट देतो, ट्रायॅकच्या गेटला, म्हणजे तो उघडणाऱ्या पायाला, धक्का बसतो, तोटी उघडते. घरातल्या पंख्याच्या गोल फिरवायच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्येही हेच नाटक चालतं.

हे एकदा कळलं की लक्षणांवरून निदान सोपं. पुरं दाबेपर्यंत मशीन ढिम्म आणि पुरं दाबल्यावर एकदम चालू, तर ट्रायॅक उघडतच नाहीये; पुऱ्या दाबावर बऱ्याच मशीनमध्ये तांब्याची पट्टी ट्रायॅकला बगल देऊन सरळ जोडणी करते, म्हणून तेवढंच चालतं. आणि हलक्या दाबालाही सुसाट, तर ट्रायॅक शॉर्ट. तोटी मिटतच नाही, निखळून पडलीय.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आधी फोन केला होता. या मॉडेलचा स्विच येणं बंद झालंय, नवीन मशीन घ्या, एक्स्चेंज देतो. बाजारात तसलाच दिसणारा एक स्विच मिळाला, पण त्याची उलट-सुलट फिरवायची दांडी वेगळ्या जागी होती, कवचात बसेना. परत केला.

मग मशीन उघडलं. आधी प्लग काढून. हे लिहायची गरज नाही असं वाटतं, पण मी एकदा विसरलोय म्हणून लिहितो. नऊ स्क्रू, सगळे एका लांबीचे नाहीत, म्हणून पुठ्ठ्यावर मशीनचं चित्र काढून त्या त्या जागी टोचून ठेवले. वरचं अर्धं कवच उचलण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचा असतो. मी उचलल्यावर काढला, आणि तेवढ्यात ट्रिगरची स्प्रिंग उडून कॉटखाली गेली. ती शोधायला बायकोनं झाडू दिला आणि म्हणाली, आता तिथलं झाडूनच घ्या.

आत गिअरपाशी काळंपिवळं ग्रीस, मधे आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, त्याच्या मागच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर आणि दोन बाजूंना त्याला टेकून वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे. हँडलमध्ये स्विच. मी फक्त स्विचकडं बघितलं. निदान झालेलं होतं ना.

स्विचच्या प्लास्टिकच्या डबीला चार खाचा होत्या. ब्लेडनं हलकेच उचकटल्यावर आत बोटाच्या पेराएवढी प्लेट, त्यावर ट्रिगरबरोबर सरकणारा कार्बनचा पट्टा, डायॅक, कपॅसिटर, आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीला जखडलेला तीन पायांचा ट्रायॅक. नंबर वाचता आला, बीटी१३७. छापील बाजू आपल्याकडं धरली तर डावीकडचा पाय एमटी१, मधला एमटी२ (मुख्य वीज या दोघांतून जाते), उजवीकडचा गेट. मल्टीमीटर बीपवर ठेवून पहिल्या दोन पायांना टोकं लावली. बीऽऽप. चांगल्या ट्रायॅकमध्ये तिथं काहीच यायला नको. शंका नको म्हणून प्लेटवरून काढून पुन्हा बघितलं. बीऽऽप.

इतका आनंद मला बोर्डाचा निकाल लागल्यावरही होत नाही.

आमच्या चौकात टीव्ही दुरुस्तीचं एक जुनं दुकान आहे. टीव्ही आता कोणी दुरुस्त करत नाही, काका मिक्सर आणि इस्त्र्या करतात. त्यांच्याकडं शंभर खणांचं कपाट आहे, आणि कुठल्या खणात काय आहे ते कपाटावर नाही, डोक्यात लिहिलेलं आहे. मी ट्रायॅक दाखवला.

"एकशेसदतीस न्हाई. छत्तीस हाय, पंख्याच्या रेग्युलेटरातला. चालंल?"

बीटी१३७ ८ अँपिअरचा, बीटी१३६ ४ अँपिअरचा. मशीनच्या प्लेटवर ६०० वॅट, २३० व्होल्ट. भागाकार केला, २.६ अँपिअर. चारात आरामात बसतं. काकांनाही पटलं, मलाही पटलं. भागाकार बरोबरच होता. फक्त मोटर सुरू होताना भागाकार करत नाही. स्थिर उभं आर्मेचर पहिल्या क्षणी याच्या कैक पट वीज ओढतं, आणि कामात बिट अडकलं की पुन्हा तीच गत. पॉटमध्ये आईस्क्रीम घट्ट होत गेलं तेव्हा वीस मिनिटं हेच चाललं होतं: मोटर जवळजवळ थांबलेली, वीज ओढतेय भरपूर, आणि वारा घालणारा पंखा त्याच दांड्यावर असल्यामुळं तोही जवळजवळ थांबलेला. असं भट्टीत बसल्यावर पहिला ट्रायॅक वितळला यात नवल नव्हतं. हे मला माहीत असूनही मी चाराचा घेतला, कारण तो समोर होता आणि पंधरा रुपयांना होता.

बसवून झाल्यावर काकांनीच तपासायची रीत सांगितली. मोटर जोडायची नाही. स्विचच्या पुढं मोटरच्या जागी साधा पिवळा बल्ब लावायचा, ट्रिगर हळूहळू दाबायचा. एलईडी चालत नाही त्याला. आमच्याकडं साठ वॅटचा शेवटचा बल्ब देवघराच्या जुन्या होल्डरमध्ये निघाला. ट्रिगर दाबला तसा तो समईसारखा उजळला, मग पिवळा, मग पांढरा. सोडत नेला तसा मावळला. मी बायकोला बोलावून दाखवला, मुलाला बोलावून दाखवला. मधेच एका जागी उजेड थरथरत होता, तिथं कार्बनच्या पट्ट्यावर धूळ होती. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसल्यावर तेही गेलं.

मशीन जोडलं. चाललं. न्हाणीघरात टॉवेलच्या दांडीसाठी चार भोकं हवी होती. दोन सुरेख पडली. तिसऱ्याला बिट आत विटेत जरा अडकलं, सुटलं, आणि सुसाट.

चाराचा होता, मरणारच, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते खरंही वाटलं. भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याला म्हटलं, बुधवार पेठेत जा, तपकीर गल्लीत विचार, बीटीए१६ तीन आण. सोळा अँपिअरचा. बीटीनंतरचा 'ए' महत्त्वाचा. बीटी१३६ च्या पाठीचा धातू आतून मधल्या पायाला जोडलेला असतो, म्हणजे ज्या पट्टीवर बसवाल ती पट्टीसुद्धा विजेत. बीटीएमध्ये पाठ अलग केलेली असते. स्विच प्लास्टिकमध्ये बंद असतो म्हणून एरवी बिघडत नाही. पण मी मशीन उघडं ठेवूनच चालवून त्या पट्टीला टेस्टर लावून बघितलं होतं, दिवा लागला होता, आणि माझं कोपर तिथून चार बोटांवर होतं. हा उद्योग कोणी करू नये.

सोळाचा बसवला, खाली पांढरी हीट सिंकची पेस्ट लावली, बल्बवर पुन्हा पूजा झाली. मशीन चालायला लागलं. जुलै गेला, ऑगस्ट गेला. चप्पलांचा रॅक केला, शेजारच्यांच्या पडद्याचे ब्रॅकेट बसवून दिले, आणि प्रत्येकाला मशीन दुरुस्त केल्याची कथा चहाबरोबर ऐकवली.

एक-दोन गोष्टी मात्र होत होत्या. हळू चालवताना मधेच मशीन उसळी मारायचं, जणू कोणी क्षणभर ट्रिगर पुरा दाबून सोडला. एकदा संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, मी गॅलरीत काम करत होतो तेव्हा बायको म्हणाली, "आतून निळं काय चमकतंय ओ?" मी म्हटलं, असतंच तसं, कार्बनची ठिणगी. असतेच ती. पण असते ती टाचणीच्या डोक्याएवढी, कार्बनच्या कडेला. कॉम्युटेटरभोवती पेटलेलं कडं नसतं. मी हवेच्या फटीतून वाकून बघितलंसुद्धा नाही. वासही यायचा, वीज पडल्यावर येतो तसा तिखट.

गणपतीच्या आदल्या दिवशी, आरासीच्या चौकटीचं शेवटचं भोक पाडताना, सोळा अँपिअरचा ट्रायॅक गेला. हलकं दाबलं तरी सुसाट.

त्या रात्री चौकट सुतळीनं बांधली. गणपती बसले, कोणाला काही कळलं नाही. मला मात्र आरतीतसुद्धा तेच डोक्यात. चाराचा गेला ते समजलं. सोळाचा कसा जाईल? जेवढी वीज हे मशीन ओढू शकतं तिला सोळा पुरून उरायला हवा. म्हणजे तो विजेच्या भारानं मेला नाही. त्याला दुसरं कोणीतरी मारतंय.

विसर्जन झाल्यावर मशीन पिशवीत घालून शिवाजी उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरकराला उद्यमनगर सांगायला नको. तिथं एका गल्लीत लेथ, दुसरीत फाउंड्रीचे पॅटर्न, तिसरीत वायंडिंग. ओळखीच्यांनी एक मिस्त्री सांगितला होता. सात फुटांचा गाळा, भिंतीला तांब्याच्या तारांची रिळं, वार्निशचा वास, आणि स्टुलावर साठीचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी ट्रायॅकपासून सुरुवात केली. बीटी, बीटीए, डायॅक, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं.

"सर, ते स्विचचं ऱ्हाऊ द्या बाजूला. मोटर बघितली काय?"

"मोटर चांगली आहे. फिरतेय."

"फिरतीया ते दिसतंयच."

त्यांनी नऊ स्क्रू नव्वद सेकंदांत काढले, एका मुठीत धरले, पुठ्ठा वगैरे काही नाही. आर्मेचर बाहेर काढून एका जाड पाट्यासारख्या उपकरणावर ठेवलं. ग्राउलर म्हणतात त्याला. आतली कॉइल चालू केली की आर्मेचरमध्ये वीज उमटते. वर हॅक्सॉचं ब्लेड आडवं धरून ते एकेक खाच फिरवत गेले. एखादं वायंडिंग आतून शॉर्ट असेल तर त्या खाचेवर ब्लेड थरथरतं, भुणभुणतं, चिकटतं. ब्लेड पूर्ण फेरा गप्प राहिलं. माझा जीव भांड्यात पडला, कारण वायंडिंग भरायचं तर त्या पैशात अर्धं नवीन मशीन आलं असतं.

मग त्यांनी कार्बनच्या टोप्या उघडल्या. एका बाजूचा कार्बन स्प्रिंगसकट टणकन बाहेर आला, झिजून अर्ध्यावर आलेला, पण तोंड गुळगुळीत, गोलाई बरोबर. दुसरा येईना. स्क्रूड्रायव्हरनं ढोसला, येईना. शेवटी पक्कडनं ओढला तेव्हा करकरत आला. त्याचं तोंड खडूचा तुकडा चुलीत टाकून काढावा तसं, खड्डे पडलेलं. त्यांनी होल्डर उजेडाकडं धरला. पितळ आतून हिरवं, कोपऱ्यात पांढरी भुकटी, स्प्रिंगला तांबडा गंज. मिस्त्रींनी त्या भुकटीवर बोट टेकवलं, आणि खरंच, जिभेला लावलं.

"मशीन कोकणात नेलेलं काय?"

मी आईस्क्रीमची गोष्ट तोपर्यंत सांगितलेली नव्हती. शाळेत शिकवणाऱ्या माणसानं कशी सांगायची? सांगितली. ते हसले नाहीत. शेजारच्या गाळ्यातल्याला हाक मारून बोलावलं आणि मला म्हणाले, "ह्याला पुन्यांदा सांगा." मग दोघं हसले.

हसून झाल्यावर त्यांनी जे सांगितलं ते माझ्या वीस वर्षांच्या साइन वेव्हपेक्षा सरळ होतं. मिठाच्या पाण्यानं पितळ कळकलं, जसं तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक कळकतं. वरून सिमेंटची धूळ बसली. कार्बन होल्डरमध्ये अडकला, स्प्रिंगला तो पुढं ढकलता येईना. झिजेल तसा कार्बन पुढं सरकायला हवा. हा सरकत नव्हता, म्हणून कॉम्युटेटरला कधी टेकायचा, कधी नाही. मोटरच्या कॉइलमधून वाहणारी वीज अशी सेकंदाला शेकडो वेळा तुटली की प्रत्येक तुटीला उलटा झटका बसतो. माझा ट्रायॅक सहाशे व्होल्ट सोसणारा. हे झटके त्याच्या पलीकडचे. उसळी मारत होतं मशीन ते त्यामुळंच, झटक्यानं ट्रायॅक वेळेआधीच उघडत होता. आणि बल्बवर सगळं छान दिसत होतं, कारण बल्बला ना कॉइल, ना कार्बन. मी दोन महिने रोग्याऐवजी थर्मामीटर दुरुस्त करत होतो.

"त्याच दिशी साध्या पाण्यानं धुतलं असतं तर काय झालं नसतं," मिस्त्री म्हणाले.

"मशीन? पाण्यानं?"

"मग? दोन हजार एकोणीसच्या पुरात हितं मोटारीच मोटारी आल्या. शेताच्या, गिरणीच्या, वाटंल त्या. उघडायच्या, स्वच्छ पाण्यानं धुवायच्या, भट्टीत वाळवायच्या, वार्निश मारायचं. कितीतरी चालू हायत अजून. पाणी वाळतंय ओ सर. मीठ वाळत न्हाई, ते ऱ्हातंय आणि हवेतली ओल वढतंय."

पंचगंगेच्या पुरात बुडालेल्या मोटारी जगल्या आणि माझं ड्रिल वाटीभर खारट पाण्यानं आजारी पडलं.

त्यांनी दोन्ही होल्डर गरम पाण्यात ब्रशनं धुतले, मग पेट्रोलनं, आणि बारीक कानशीनं आतला हिरवा थर खरवडला. आर्मेचर लेथवर न लावता हातानंच ड्रिलच्या चकमध्ये फिरवून झिरो पेपरनं कॉम्युटेटर उजळला. काळा एमरी पेपर मी पिशवीत नेला होता, तो त्यांनी बाजूला सारला. त्याचे कण तांब्यात रुतून बसतात आणि नव्या कार्बनला खातात. तांब्याच्या पट्ट्यांमधल्या फटी टोकदार ब्लेडनं साफ केल्या. नवा कार्बनचा जोड साठ रुपयांना, स्प्रिंगसकट. तो होल्डरमध्ये घालून बोटानं दाबला, सोडला, दाबला, सोडला. स्वतःच्या वजनानं घसरला पाहिजे म्हणाले, पण लटपटला नाही पाहिजे. मजुरी दीडशे. मी जास्त देऊ केले तर म्हणाले, गोष्टीचे कापून घेतले.

घरी आल्यावर तिसरा ट्रायॅक बसवला, आणि या वेळी आणखी एक गोष्ट केली. ट्रायॅकच्या दोन पायांवर १०० ओमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापुढं एक जोडून टाकला. याला स्नबर म्हणतात. मोटरचे झटके ट्रायॅकवर आपटण्याआधी हा गिळतो. कपॅसिटर घरच्या मेन लाइनवर चालणारा, एक्स२ छापलेला घ्यायचा, रेडिओतला चालत नाही. स्विचच्या डबीत जागा नव्हती, म्हणून हँडलच्या पोकळीत स्लीव्ह घालून बसवला. कवच बंद होताना तो दोनदा चिमटला, तेव्हा पाय वाकवून घ्यावे लागले. एक स्क्रू उरला. पुठ्ठ्यावर या वेळी टोचलेले आठच होते म्हणून मी तासभर शोधलं, नववा कुठला ते. शेवटी तो केबलच्या पकडीचा निघाला, आणि तो विसरलो असतो तर वायर ओढली गेल्यावर आतला जोडच सुटला असता.

नवे कार्बन लगेच कामाला लावायचे नसतात. मशीन रिकामं, मध्यम वेगात दहा मिनिटं चालवलं, मधेमधे थांबवून. संध्याकाळी मुद्दाम दिवे बंद करून हवेच्या फटीतून बघितलं. दोन्ही बाजूंना बारीक, निळसर, टाचणीएवढ्या ठिणग्या. बायकोला बोलावलं, तिनंही वाकून बघितलं आणि म्हणाली, "मी तेव्हा सांगितलं होतं."

न्हाणीघरातल्या दांडीची राहिलेली दोन भोकं दुसऱ्या दिवशी पाडली. टाइलवर चिकटपट्टीची फुली, त्यावर बिटचं टोक, आणि ट्रिगर इतका हलका की चक फिरताना त्याचे दात मोजता यावेत. पांढरी भुकटी सुटायला लागली, टोकानं जागा धरली, मग जरा दाबलं. मेच्या आधीही मी हेच करत होतो, पण तेव्हा कधी लक्षात आलं नव्हतं की वेग वाढताना आवाज किती गुळगुळीत चढतो.

दिवाळीच्या आधी मेव्हण्याचा फोन आला. मशीन झालं का विचारलं. झालं म्हटलं. तो जरा थांबला.

"दाजी, चकलीचा सोऱ्या असतोय न्हवं, पेचाचा..."

मी फोन त्याच्या बहिणीकडं दिला.